दुधाच्या वाटेने गेलेलं रक्त

साठ सालानंतर काही वर्षं मी पौडच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. तिथे तापावर औषध निवडण्याचा प्रश्न फारसा पडत नसे. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन टोचायचं. रोगी बरा झाला तर डॉक्टर हुशार, नाही झाला तर ताप वाईट.

कासार आंबोलीच्या एका दूधवाल्याची सात वर्षांची मुलगी मात्र या सोयीत बसत नव्हती. तिला रक्ताचा कर्करोग होता. पुण्याच्या इस्पितळातल्या गोळ्या रोगाला आवरत आणि जाता जाता जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी करत. तिला ताप चढला, तशा त्या गोळ्या मी थांबवल्या. घसा साफ, छाती साफ, गळू कुठे नाही. जंतू रक्तातच असणार, पण कुठला?

क्लोरॅम्फेनिकॉल माझ्या कपाटात होतं. विषमज्वरावर ते रामबाण, पण कधीकधी रक्त जिथे तयार होतं तो हाडांतला मगजच सुकवतं. हिचा मगज आधीच दुबळा. म्हणून मी नेहमीची दोन इंजेक्शनंच द्यायचं ठरवलं. त्याआधी तपासणीसाठी रक्त काढून इस्पितळाने दिलेल्या, जंतूंना पोसणाऱ्या रसाच्या बाटलीत भरलं. असं रक्त उबेत ठेवून इस्पितळाची प्रयोगशाळा जंतू वाढवी आणि कुठल्या औषधाने ते मरतात ते बघे.

"डॉक्टर, तुमाला शीर गावत न्हाई, का माजा हातच आवडतुया?" मुलीने विचारलं.

बाप रोज एस.टी.ने पुण्याला दूध घालायला जाई. बाटली त्याच्याकडे दिली आणि बजावलं, "जपून न्या."

चौथ्या दिवशी अहवाल आला: जंतू नाहीत. सोबत पुण्याच्या बड्या डॉक्टरांचं पत्र. पदव्या नावापेक्षा लांब, मजकूर पदव्यांपेक्षा छोटा: ताप मूळ रोगाचाच दिसतो, इंजेक्शनं थांबवावीत. इकडे ताप एकशे चार, आणि मुलगी आता टोमणेही मारत नव्हती.

"बाटली नीट पोचली होती ना?" मी बापाला विचारलं.

"व्हय तर. वल्या गोणपाटात गुंडाळली, पुण्यात बर्फ घेतला. आदी रतीब घातले, मग इस्पितळ. पर रक्त नासलं न्हाई हां, डॉक्टर."

दूधवाल्याला 'जपून' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? उबेत न्या, एवढं सांगायला मी विसरलो होतो. जंतू गारठ्याने दबले की बाटलीत आलेच नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या अहवालावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

मी पुन्हा रक्त काढलं आणि बापाला सरळ सांगितलं, "दुसरं औषध आहे. ते रक्त आणखी बिघडवू शकतं. पण नव्या अहवालाची वाट बघण्याइतका वेळ हा ताप देणार नाही."

"मंग फुडचं फुडं बगू. आज पाजा."

अहवालाची वाट न पाहता क्लोरॅम्फेनिकॉल सुरू केलं. कॅप्सूल फोडून कडू पूड गुळात कालवली.

"ह्यापरीस सुई बरी," मुलगी पुटपुटली.

बाटली या वेळी बापाच्या बंडीत, पोटाशी गेली. "आन् दूध?" मुलीच्या आईने विचारलं. "नासू दे एक दिवस," म्हणत त्याने एस.टी. गाठली.

तीन दिवसांनी कळलं, विषमज्वराच्या जंतूचा चुलतभाऊ निघाला. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन दोन्हींना न जुमानणारा, क्लोरॅम्फेनिकॉलने मरणारा. बड्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं, 'अपेक्षेप्रमाणे'. पाचव्या दिवशी ताप उतरला. मुलीने भाकरी मागितली आणि गूळ बघून तोंड फिरवलं.

"आता बरी म्हनायची का?" बापाने विचारलं.

"तापातून बरी."

 मग इस्पितळातल्या गोळ्या परत सुरू करायला तिला पुण्याला कधी न्यायचं, तेवढं त्याने विचारलं.