सुलभाची शनिवारची पिशवी

हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते पाच होती. मी पावणेचारलाच जाऊन बाकड्यावर बसलो होतो. आत सोडलं तेव्हा सुलभाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं तो एका हातानं खाली ओढला आणि म्हणाली, "शनिवारी तुम्ही जाल ना शाळेत? नाहीतर कपाट बंद करून टाकतील ते." मी म्हणालो, "आधी तू बरी हो. मला काय कळतंय त्यातलं." तिनं मास्क परत वर चढवला. नर्स आली, म्हणाली, बाबूजी, टाइम हो गया. मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीच्या रांगेत उभा होतो आणि हॉस्पिटलचा फोन आला. रांग सोडली नाही. दूध घेतलं, घरी आणलं, तापवलं, गॅस बंद केला, मग गेलो. लोकांना हे विचित्र वाटेल. हाताला काम असलं की मी उभा राहू शकतो, नसलं की नाही... एवढंच त्याचं कारण. पण 'हो' म्हणायला माझं काय जात होतं, हे मला आज सहा आठवडे झाले तरी कळलेलं नाही.

मी सातवी पास माणूस. नगर जिल्ह्यातून फिटर म्हणून दिल्लीजवळच्या गाझियाबादला आलो आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात रिटायर होईपर्यंत राहिलो. सुलभा लग्नात बारावी झालेली होती. बी.एस्सी. तिनं इथं येऊन केलं. मी तेव्हा म्हणालो होतो की आता कशाला शिकतेस, घर चाललंय ना. तिनं ऐकलं नाही. माझं फार काही ती ऐकायची नाही, आणि त्यामुळेच आमचं बरं चाललं. पुढं ती एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागली. आम्हांला मूल झालं नाही. वर्गातली सगळी माझीच, असं ती म्हणायची, मी म्हणायचो, फी तर त्यांचे बाप भरतात... असं आमचं बोलणं. मी काही लिहिलं, साधा सोसायटीचा अर्ज लिहिला, तरी वेलांट्या ती बघायची. हे जे लिहितोय त्याच्या वेलांट्या कोणी बघितलेल्या नाहीत.

ती रिटायर झाली त्याच सुमाराला नोएडातल्या एका कंपनीनं खेड्यातल्या सरकारी शाळांना विज्ञानाचं साहित्य द्यायचं काढलं. सोबत मुलांना टॅब चालवायला शिकवायचं आणि पुढं काय काय होता येतं तेही सांगायचं. त्यासाठी त्यांना जुन्या शिक्षिका हव्या होत्या. सुलभाला हापूडच्या बाजूची, उसाच्या शेतांमधली एक मुलींची शाळा मिळाली. दर शनिवारी कंपनीची गाडी न्यायला यायची. पहिल्या शनिवारी ती घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. म्हणाली, "अहो, काचेचं सुंदर कपाट आहे. मायक्रोस्कोप आहे, चुंबकं आहेत, परीक्षानळ्या आहेत, दहा टॅब आहेत. आणि कपाटाला हे एवढं कुलूप आहे." टॅबवरचं प्लॅस्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं. शाळेतल्या शिक्षिका काय करायच्या, तर कपाट उघडायचं, मायक्रोस्कोप टेबलावर ठेवायचा, मुलींना भोवती उभं करायचं, फोटो काढून कंपनीला पाठवायचा आणि सगळं परत आत. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला भीती वाटायची की काही मोडलं आणि कंपनीचा माणूस तपासायला आला तर मी काय सांगू.

सुलभानं दुसऱ्या शनिवारी काय केलं, तर वर्गात गेल्या गेल्या एक परीक्षानळी हातात घेतली, सगळ्या मुलींना दाखवली, हेडमास्तरलाही दाखवली, आणि फरशीवर सोडून दिली. मग म्हणाली, लो, टूट गई. अब डर खतम. आओ, काम करते हैं. हे तिनंच मला सांगितलं. मी म्हणालो, "तुझं डोकं फिरलंय." ती म्हणाली, "पहिली मी फोडली, आता त्यांच्या हातून फुटली तर कोणी रडणार नाही." नव्या वर्षी नवा वर्ग आला की ती एक परीक्षानळी अशी फोडायचीच. केरसुणी आणि सुपली आधीच दाराशी आणून ठेवायची, आणि काचा स्वतः भरायची.

मग वस्तू मोडायला लागल्या, आणि त्या माझ्याकडे यायला लागल्या. माझ्या कारखान्याच्या जुन्या खाकी युनिफॉर्मची तिनं एक पिशवी शिवली होती, तिच्यात. शनिवारी संध्याकाळी ती पिशवी बाल्कनीच्या दारामागच्या खुंटीला लटकायची आणि रविवारी मी ती उपसायचो. बाल्कनीत माझं लाकडी टेबल आहे, त्याला वाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, बसवलेला आहे. मी ओरडायचो, "तुझ्या पोरी काय कुस्ती खेळतात का याच्याशी?" ती आतून म्हणायची, "हात लावतात. म्हणून मोडतं. पिशवी रिकामी आली तर समजा मी नुसती बसून आले."

एकदा हातानं फिरवून दिवा लावायचा डायनामो आला. मूठ तुटलेली, तारा निघालेल्या, तिसऱ्यांदा. मला राग आला. मी ठरवलं की आता हा पुन्हा येता कामा नये. लोखंडी पत्र्याची पेटी केली, आत सगळं बसवलं, पुन्हा न उघडणारे रिव्हेट मारले, कडेनं एपॉक्सीचा डिंक भरला, वरून हिरवा रंग दिला. चौतीस वर्षांच्या कामात मी इतकं चोख काही केलं नव्हतं. दगडावर आपटला तरी काही होणार नाही, असं तिला सांगूनच दिला. पुढच्या शनिवारी ती आली, पिशवी खुंटीला लावली नाही, माझ्यासमोर टेबलावर ठेवली. डायनामो तसाच आत होता. म्हणाली, "मुलींनी विचारलं, यात काय आहे. मला दाखवता आलं नाही. तुम्ही त्या कपाटाला दुसरं कुलूप लावलंत." मी चिडलो. म्हणालो, मजबूत काम केलं हा माझा गुन्हा झाला. दोन दिवस मी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी छिन्नी घेतली आणि माझेच रिव्हेट तोडले... ते तोडताना किती जीवावर आलं ते फिटरलाच कळेल. पेटीला चार बोल्ट लावले आणि त्यांवर विंग नट, म्हणजे दोन कान असलेले, जे बोटांनी फिरतात, पाना लागत नाही. सुलभानं चारही नट काढून बघितले, परत लावले, परत काढले. त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. सण नव्हता काही. त्यानंतर मी जे जे दुरुस्त केलं त्याला विंग नटच लावले.

मी शाळेत एकदाच गेलो होतो, तेही तिनं फसवून नेलं म्हणून. मुलींना कामधंद्याची माहिती सांगायला गुडगावहून कोणी साहेब येणार होता, तो आला नाही. भिंतीवर कंपनीनं मोठा रंगीत तक्ता लावलेला होता, डॉक्टर, पायलट, इंजिनियर, सगळे हसणारे. सुलभा म्हणाली, आज ये बताएंगे, ये फिटर हैं. मी काय सांगणार? मी म्हणालो, जो ढीला हो उसको कसता हूं, जो जाम हो उसको खोलता हूं, बस. मुली हसल्या. मग मागच्या बाकावरची एक उठली, शबनम नाव तिचं. म्हणाली, "अंकल जी, आपकी फैक्टरी में लड़कियां थीं?" मी म्हणालो, नहीं. ती म्हणाली, "क्यों?" मी सुलभाकडे बघितलं. सुलभा खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम. परत येताना गाडीत मी म्हणालो, पोरगी आगाऊ आहे. ती म्हणाली, "मग उत्तर द्यायचं होतं."

तीन वर्षांनी कंपनीचं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. गाडी बंद झाली. सुलभा आधी बसनं आणि पुढं शेअर ऑटोनं स्वतःच जायला लागली. थंडीत, धुरात, तोंडाला स्कार्फ बांधून. मी म्हणायचो, कंपनी गेली, तुला कोण विचारतंय, बस झालं आता. ती म्हणायची, "मी एक शनिवार चुकवला की कुलूप लागतं. दोनदा झालंय तसं." या हिवाळ्यात खोकला धरला. मी जाऊ नको म्हणालो, ती गेली. आली ती तापातच आली. त्याच आठवड्यात हॉस्पिटल, आणि मग तो चार ते पाचचा तास, जो मी सुरुवातीला सांगितला.

पुढचे चार शनिवार मी घरात बसून काढले. पाचव्या शनिवारी पिशवीत पेचकस, पाना, लोखंड कापायची करवत आणि डबीतले थोडे नटबोल्ट टाकले आणि ऑटोनं शाळेत गेलो. हेडमास्तर उठून उभा राहिला, त्यानं माझा हात धरला. म्हणाला, अंकल जी, मैडम के लिए हमने बहुत इज्जत से किया है, आइए. मला वर्गात घेऊन गेला. काचेच्या कपाटात मधल्या फळीवर, मायक्रोस्कोपच्या शेजारी, सुलभाचा फोटो ठेवलेला होता. झेंडूचा हार घातलेला. आणि कपाटाला कुलूप.

त्या माणसानं मनापासून केलं होतं, हे मला दिसत होतं. मी त्याला म्हणालो, चाबी दीजिए. तो म्हणाला, चाबी क्लर्कजवळ आहे, क्लर्क लग्नाला गेलाय, सोमवारी येईल. मी कपाटाकडे बघितलं. बिजागऱ्या बाहेरून होत्या. मी पिशवीतून पेचकस काढला आणि वरच्या बिजागरीला लावला.

"अंकल जी, ये कंपनी का सामान है," हेडमास्तर म्हणाला.

मी काचेवर बोट ठेवलं. म्हणालो, "और ये मेरी बीवी है."

मला वाटतं तो बाहेर गेला. वरचे स्क्रू निघाले. खालच्यांना बसावं लागणार होतं आणि माझे गुडघे वाकत नाहीत. मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात शबनम शेजारी येऊन बसली, खाली फरशीवर, आणि हात पुढं केला. "दीजिए, नीचे वाला मैं खोलती हूं." मी पेचकस दिला. तिनं आधी उलटा फिरवला, मग तिचं तिलाच कळलं.

फोटो मी बाहेर काढून टेबलावर ठेवला, मुलींकडे तोंड करून. दार परत बसवलं. कडीतलं कुलूप कापायला वेळ लागला, शबनमनं करवत अर्ध्याहून जास्त चालवली. कुलपाच्या जागी एक बोल्ट घातला आणि त्याला विंग नट लावला. हेडमास्तर दारात येऊन बघत होता. तो म्हणाला, ऐसे तो कोई भी खोल लेगा. मी म्हणालो, हां. त्या दिवशी वर्गात एक परीक्षानळी फुटली. कोणी फोडली ते मी सांगणार नाही. केरसुणी दाराशीच होती.

मला विज्ञान येत नाही. मी शनिवारी जातो, मागच्या बाकावर बसतो, मोडलेलं गोळा करतो. कपाट उघडं आहे का ते बघतो. शिकवणारं सध्या कोणी नाही, मोठ्या मुली लहान मुलींना दाखवतात, सुलभानं त्यांना जे दाखवलं तेच. किती दिवस चालेल माहीत नाही.

काल डायनामो आला. मूठ तुटलीय, चारही नट गायब. पिशवी बाल्कनीच्या दारामागं खुंटीला आहे, दार उघडलं की ती दाराच्या फळीवर आपटते, तिच्या वेळी आपटायची तशीच. आज रविवार. मी सकाळीच वाइस पुसून ठेवला आणि सवयीनं आतल्या बाजूला तोंड करून ओरडलो, काय करतात गं तुझ्या पोरी याच्याशी...

मग पिशवी खुंटीवरून काढली, आणि कामाला लागलो.