सत्काराची खुर्ची

सोनईच्या पुढं, आमच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष जहिराभाभी. एरवी ती घरी शिलाई मशीन चालवते. चौथीच्या खोलीचा स्लॅब फुगलाय, गज उघडे पडलेत. तरी पाहणीला आलेल्या साहेबांनी दारातूनच बघून ‘खोली वापरण्यायोग्य’ असा शेरा मारला आणि दुरुस्तीचा निधी अडला.

परवा तेच साहेब बैठकीला आले. आमच्याकडं पाहुण्याचा सत्कार झाल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. भाभीनं पोरांना बाहेर लिंबाखाली बसवलं आणि साहेबांची खुर्ची नेमकी त्या स्लॅबखाली मांडली.

हेडमास्तर शाल घालत होते, तेवढ्यात वरून सिमेंटचा खपला साहेबांच्या खांद्यावर पडला. साहेबांनी मान वर केली.

“आपण बाहेरच बसू,” ते उठत म्हणाले.

“बसा की साहेब,” भाभी आवाज न चढवता म्हणाली. “तुमीच ही खोली चांगली ठरवली हाय. आजून नारळ फोडायचा राह्यलाय.”

साहेब शालीसकट दारात जाऊन उभे राहिले. हातात नारळ तसाच धरून भाभीनं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

“तिथं रोज माझी पोरगी अलिझा बसती.”