वरच्या मजल्यावरच्या पापण्या

खोल्या भाड्याने दिल्या, की माणूस जातो, त्याची छत्री राहते, कंगवा राहतो आणि एखादा किस्साही राहून जातो. छत्र्या मी पोचवून देतो. किस्से कुणाकडे पोचवू? म्हणून आज तुम्हाला पकडलंय, बसा जरा!

भवानीपूरमध्ये माझं चष्म्याच्या फ्रेमचं दुकान. शाळा आठवीत सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलेले लोक मोठा काळा गॉगल मागायला यायचे. हळूहळू लक्षात आलं, की यांना गॉगलपेक्षा आठ-दहा दिवस लपायला जागा हवी असते. सुजलेले डोळे घेऊन घरी जावं, तर शेजारी विचारणार! दुकानाच्या वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. झालं, जोडधंदा सुरू.

त्या वेळी एका खोलीत बजबजचे घोषालबाबू होते, ज्यूट मिलचे रिटायर्ड मॅनेजर. दुसरीत शरयू. तिचा नवरा बँकेत, नाशिकहून बदली होऊन डमडमला आलेला आणि नेमका ऑडिटसाठी बाहेरगावी. शरयूच्या पापण्या दिसायला झकास झाल्या होत्या, पण झोपेत उजवी मिटायची नाही. फट राहायची, आतलं पांढरं दिसायचं.

डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस वाट बघू. नाही मिटली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. डोळा सुकत राहिला तर नजरेचं खरं नाही."

आता झोपेत आपला डोळा मिटतो की नाही, हे ज्याचं त्याला कसं कळणार? म्हणून रोज दुपारी माझी बायको कुसुम तिच्याजवळ बसून बघायची. शरयू जागी झाली, की पहिला प्रश्न, "काकू, मिटला?"

"थोडा राहिलाय गं."

की पोरीचं तोंड एवढंसं!

*

खोल्यांतले आरसे मी काढून टाकलेत. पहिल्या दिवसांत स्वतःचा चेहरा बघून लोक हादरतात. तिसऱ्या दिवशी घोषालबाबू म्हणाले (ते बंगालीत बोलायचे, मी आपलं मराठीत सांगतो), "ओ दादा, समोरच्या खिडकीतले गृहस्थ कोण? त्यांचेही टाके माझ्यासारखेच!"

समोर माझं गोडाऊन. तिथे खोक्यांशिवाय कुणी नाही. मी समजावलं, "बाबू, काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसलं असणार."

ते "बरं" म्हणाले. मी खाली आलो. जिन्यातच आठवलं, त्या खिडकीला काच नाही. लाकडी झडपा आहेत, त्याही खिळे मारून बंद केलेल्या!

*

घोषालबाबूंचेही डोळे झोपेत पुरते मिटायचे नाहीत. एका सकाळी मी त्यांच्यासमोर बसून चांगली वीस मिनिटं नव्या फ्रेमचं कौतुक सांगितलं. काय लक्ष देऊन ऐकतोय माणूस, म्हटलं! आणि बाबू घोरायला लागले.

मी हसत उठलो. हातातली फ्रेम डावीकडे नेली. अर्धवट उघड्या पापणीखालचं बुबुळ डावीकडे गेलं. उजवीकडे नेली. तेही उजवीकडे.

घोरणं चालूच!

मी हात जोडले आणि पाठ न फिरवता, उलट्या पावली खोलीबाहेर आलो.

*

एकदा शरयूच्या डोळ्यांवर बर्फाच्या थंड पट्ट्या ठेवून झाल्यावर ती कुसुमला म्हणाली, "काकू, डोक्यावरून हात फिरवलात ना, फार बरं वाटलं. आईची आठवण आली."

कुसुमने एका हाताने एक पट्टी धरली होती, दुसऱ्या हाताने दुसरी. खाली येऊन मला म्हणाली, "अहो, तिसरा हात कुणाचा?"

मी म्हटलं, "तिला बरं वाटलं ना? मग विचारू नकोस."

*

घोषालबाबू निघाले त्या दिवसाची गोष्ट. चेहरा बघून उघडणारा त्यांचा मोबाईल त्यांना ओळखेना! चष्मा लावून बघितला, काढून बघितला. शेवटी वैतागून त्यांनी तो टेबलावर टेकवून उभा केला, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.

टिक! उघडला!

बाबूंनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दादा, मी पुढे होतो. ते येतील मागून," म्हणाले, आणि बजबज लोकल गाठायला सरळ चालायला लागले. त्या खुर्चीत मी अजून बसलेलो नाही.

*

शरयूचा दहावा दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "नुसता फोटो नको. गाढ झोपेतला एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. पापणी मधेच उघडते का, ते मला बघायचंय."

दुपारी शरयू दोन उशांवर उताणी झोपली होती, डोकं दाराकडे, म्हणजे दार तिच्या पाठीमागे. कुसुमने तिच्यासमोर स्टुलावर मोबाईल उभा केला, चालू केला आणि वाकून पाहिलं.

फट नव्हती! उजवी पापणी डावीसारखीच गच्च मिटलेली!

मी दारात उभा होतो. आमची कुसुम अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा. तिने काय करावं? बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही मनगटं पदरात गुंडाळली आणि मोबाईलच्या मागे, चवड्यांवर, आवाज न करता, एकटीच फुगडी! मला हसू आवरेना, म्हणून तोंडात रुमाल कोंबला. मिनिट संपायच्या आत ती पुन्हा स्टुलापाशी, मी खाली दुकानात.

व्हिडिओ पाठवून कुसुमही खाली आली. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला, "पूर्ण मिनिट पापणी हललीसुद्धा नाही. आता ऑपरेशनची गरज नाही."

आम्ही दोघं वर धावलो. ऐकून शरयू रडली, हसली, कुसुमच्या पाया पडली. मग म्हणाली, "पण काकू, फुगडी एकटीने का घातलीत? मला उठवायचं ना!"

कुसुमने व्हिडिओ पुन्हा लावून बघितला, दोन्ही पापण्या गच्च मिटलेल्या!

"आणि काका," शरयू माझ्याकडे वळली, "असा तोंडात रुमाल कोंबतात का? गुदमरला असतात!"