शेजारणीची सही

आमच्या घरी फोन होता आणि शेजारच्या घरी नव्हता, एवढ्याच भांडवलावर मी आर्वीत काही वर्षं मोठी बाई होऊन मिरवले. शेजारचे भाऊजी एसटीच्या डेपोत ड्रायव्हर, त्यांची बायको घरी ब्लाऊज शिवायची. एकुलती एक लेक समुद्रपूरला दिलेली. सासर कडक, सासूच्या नजरेआड पाऊल टाकायची सोय नाही. पण बाजाराच्या दिवशी भाजीला म्हणून ती बाहेर पडायची आणि दुपारी तीनच्या सुमारास एसटीडी बूथवरून आमच्याकडे फोन लावायची. तिच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा आमचाच नंबर होता, पुढं 'पीपी' छापून. पीपी म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, बोलावून देतात.

मी मागच्या भिंतीवरून हाक मारायचे. शेजारीण कात्री टाकून, दोऱ्याचे तुकडे अंगावर तसेच घेऊन धावत यायची. मात्र कधीही रिकाम्या हातानं आली नाही. वाटीत काही ना काही असायचंच, शेवया, सांडगे, नाहीतर अंबाडीची भाजी. आणि मी? झोपमोड झाली म्हणून नवऱ्यापाशी कुरकुर करायचे. "आपण काय टेलिफोन ऑफिस उघडून बसलो का?"

नुकतेच मोबाईल आले होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी आमच्या दारात स्कूटर थांबली. चाळिशीचा माणूस, काखेत फाईल. म्हणाला, "बाजूवाल्यांनी मोबाईलसाठी अर्ज केला आहे, महिन्याच्या बिलाचा. चौकशीला आलो. घराले कुलूप आहे, तुम्ही शेजारी न? तुमचा अभिप्राय लिवा लागते."

खरं सांगते, मला नाकात मिरच्या गेल्यासारखं झालं. मोबाईल घेताहेत? आणि मला एका शब्दानं नाही? इतकी वर्षं आमचा फोन वापरला, तो आता कमी पडला का? कालच ती वाटी घेऊन आली होती, तेव्हाही तोंडातून शब्द नाही! लोकांचे फोन नकोत म्हणून कुरकुर करणारी मीच, आणि लोकांना माझा फोन नको झाला म्हणून रुसणारीही मीच. पण हे शहाणपण आत्ताचं आहे.

"माणूस कसा आहे? भरवशाचा आहे का?" त्यानं विचारलं.

आता बघा, अर्जाला त्या माणसाची पगाराची स्लिप लावलेली, रेशनकार्ड लावलेलं, विजेचं बिल लावलेलं. रोज पन्नास-साठ जिवांची गाडी घाटरस्त्यानं नेणारा माणूस. त्याच्या हातात एक फोन द्यायचा तर माझ्यासारखीचा सल्ला कशाला हवा होता? पण रकाना होता, म्हणून भरायचा होता. आणि मी तरी काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ड्रायव्हर माणूस. आज इथं, उद्या बदली. घराले तर सदा कुलूपच राह्यते. भरवसा मी काय सांगू बाप्पा?"

त्यानं लिहून घेतलं. मी खाली सही केली, चांगली वळणदार. कुलूप त्या दिवशी एवढ्यासाठी होतं की शेजारीण बटणं आणायला बाजारात गेली होती. हे मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी भाऊजी आमच्या अंगणात आले. चेहरा उतरलेला. "वहिनी, कंपनीवाले म्हणतात, रिपोर्ट निगेटिव आला. काऊन, तर सांगत नाई. तीस वर्षांत माह्या नावावर एक अपघात नाई, आन् निगेटिव!" दुकानदारानं त्यांना प्रीपेड घ्या म्हटलं होतं. पण डेपोतल्या लोकांनी त्या रिपोर्टवरून चेष्टा केली, त्यांना ती फार लागली. फोनच नको म्हणाले. "तुमचा नंबर आहे तोवर आमचं भागते."

मी "हव, हव" म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी तुळशीला पाणी घालत राहिले. आणि नवल म्हणजे, त्यानंतर शेजारणीच्या वाट्या वाढल्या. सणावाराला तर ताटच यायचं.

त्या हिवाळ्यात लेकीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आठव्यात प्रवास नाही, म्हणून सातव्यातच आणायचं. शेजारणीनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून तयार ठेवली होती. सासरची मंडळी मात्र आज पाठवू, उद्या पाठवू करत होती.

आम्ही चार दिवस नागपूरला लग्नाला गेलो. एरवी गावाला जाताना मी चावी शेजारणीकडं देत असे. त्यावेळी दिली नाही. जिच्याशी आपण वाईट वागतो ना, तिचंच तोंड आपल्याला नकोसं होतं. मी चावी पर्समध्ये टाकली आणि रिक्षात बसले.

परत आले तर शेजारीण भिंतीपाशीच उभी होती.

"ताई, परवा बाजाराचा दिवस होता. तुमचा फोन तीनदा वाजला. तिचाच होता, बराबर तीन वाजता. मी इथंच उभी होती, भिंतीले कान लावून."

"अवो, मग कुलूप तोडायचं होतं!"

"तुमचं घर होय न ताई. तसं कसं तोडू?"

पुढच्या बाजारी करेल ती फोन, म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. फोन नाही आला, पत्र आलं. सासू कशीबशी तयार झाली होती, उद्याच्या उद्या येऊन घेऊन जा म्हणाली होती. हेच सांगायला पोरीनं तीनदा फोन लावला. दुसऱ्या दिवशी कोणी गेलं नाही. सासूचा अपमान झाला. माहेरच्यांना गरज नाही तर इथंच होऊ दे, म्हणाली. भाऊजी पत्र मिळताच धावले, पण आठवा लागला होता, आणि सासूनं तेवढंच धरून ठेवलं. बाळंतपण सासरीच झालं. नातू झाला, सगळं सुखरूप. पण पोरीला कळा आल्या तेव्हा आई जवळ नव्हती. ती दुपटी शेजारणीनं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली.

पुढं दोन-तीन वर्षांत मोबाईल भाजीपाल्यासारखे झाले. शेजाऱ्यांनीही घेतला. आमच्या ह्यांनी मात्र महिन्याच्या बिलाचा घ्यायचं ठरवलं, आणि पुन्हा तीच चौकशी आली. मी स्वयंपाकघरात होते. चौकशीवाला आमच्या दाराची बेल न वाजवता आधी शेजारीच गेला. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"सोन्यासारखे लोक आहेत," शेजारीण म्हणत होती. "आमच्या पोट्टीचा फोन त्याईच्याच घरी येत होता. लिवा, लिवा. कुठी सही करू?"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तो गेल्यावर मी पिठाच्या हातानंच भिंतीपाशी गेले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "तुमचा तो पहिला अर्ज," मी म्हणाले, "तो माझ्यामुळं गेला. मी वाईट सांगितलं होतं."

ती दोरीवरचे कपडे काढत होती. थांबली नाही.

"माहीत आहे मले. तवाचा चौकशीवाला यांच्या डेपोतल्या कंडक्टरचा साळा होता. त्याच आठवड्यात कंडक्टरच्या बायकोकडून समजलं. मी यांना अजून सांगतलं नाई."

"मग मला बोलली काऊन नाई?"

तिनं शेवटचा कपडा खांद्यावर टाकला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"पोट्टीचा फोन तुमच्याच घरी येत होता न, ताई. तुमच्याशी भांडून मले कसं जमलं असतं?"

ती आत गेली. मला आठवल्या त्या सगळ्या वाट्या. तिची माया समजून मी त्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या.