गळती नाही, पाझर

पाझर हा शब्द मला हल्ली ऐकवत नाही. कुणी गाण्यात वापरला तरी माझं डोकं फिरतं. शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. आमच्या कारखान्यात त्याला नको त्या कामाला जुंपलं गेलं, एवढंच.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघते. पंप, ब्लोअर, पंखे, मोठ्या मोटरी, जे जे म्हणून गरगर फिरतं ते माझ्याकडे. राहते ठाण्याला, नौपाड्यात. सकाळी कंपनीची बस शीळफाट्याला अडकली की दिवसभराचा निम्मा राग मी तिथेच काढून मोकळी होते. नवरा म्हणतो, तू बेअरिंगशीच लग्न करायला हवं होतंस. बेअरिंग तापलं की निदान कळतं तरी, असं मी त्याला एकदा सुनावलं होतं.

आमच्या बॉयलरला धूर ओढून चिमणीत सोडणारा एक पंखा आहे. पंखा म्हणजे घरातला नव्हे. त्याचा शाफ्टच, म्हणजे फिरणारा दांडा, माझ्या मांडीएवढा जाड आहे. दोन्ही बाजूंना बेअरिंगची ओतीव लोखंडाची घरं, त्यांत तेल. हे तेल बाहेर येऊ नये यासाठी फार मोठी अक्कल लागत नाही, थोडी शिस्त लागते. तेल खुणेइतकंच भरायचं, वर थेंब नाही. शाफ्टभोवतीचं रबरी सील जिथे टेकतं तिथे चरा नको. शाफ्टला धरून बाहेर निघालेलं तेल परत आत वळावं म्हणून खाली एक भोक असतं, ते मोकळं ठेवायचं. आणि माथ्यावर एक अळंबीसारखी बुटकी टोपी असते, ब्रीदर म्हणतात, तिच्यातून आतल्या गरम हवेला बाहेर पडू द्यायचं. हवेला वाट मिळाली नाही तर ती तेलाला ढकलते. कुकरच्या शिट्टीत डाळ अडकली की पाणी झाकणाच्या कडेने फसफसत येतं, ते प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

आमच्याकडे दसऱ्याआधी सगळ्या यंत्रांना रंग काढतात. त्या वर्षी प्लँटच्या साहेबांना हे काम झटपट उरकायचं होतं, म्हणून ब्रशऐवजी स्प्रे आला. रंगवाल्याने पंख्याची बेअरिंगं हिरवीगार केली आणि ब्रीदरच्या टोप्याही, भोकांसकट. मग खंडेनवमीला साहेबांनी सोवळं नेसून त्याच बेअरिंगला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. नाक बुजवून मग पूजा करायची, हा मान दुसऱ्या कुठल्या देशातल्या यंत्राला मिळत असेल असं मला वाटत नाही. आठवड्याभरात मोटरीकडच्या बेअरिंगमधून तेल यायला लागलं.

ब्रीदर मी लगेच काढला. फुस्स करून हवा सुटली आणि तेल थोडं आटोक्यात आलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आतल्या दाबाने सीलची कड उलटली होती. त्यात माझ्या आधी कुणीतरी शहाणपणा करून हाऊसिंगच्या, म्हणजे त्या लोखंडी घराच्या, जोडावर बाहेरून चिकट सिलिकॉन लिंपलं होतं. जास्तीचं सिलिकॉन आत सरकलं आणि तेल परत जायचं भोक बुजलं, असा माझा अंदाज होता. म्हणजे हाऊसिंग उघडायला हवं. त्यासाठी पंखा बंद, पंखा बंद म्हणजे बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणजे सगळंच बंद. मी सकाळच्या मीटिंगमध्ये एक दिवस मागितला.

साहेब पुण्याचे. मराठी अगदी घासूनपुसून बोलतात, आणि समोरच्याचं मराठी दुरुस्त करायला त्यांना फार आवडतं. ते म्हणाले, "मॅडम, आपण शब्द नीट वापरू या. थेंब खाली पडतो ती गळती. नुसती ओल दिसते तो पाझर. मी रोज फेरीला जातो, मला आजवर थेंब पडताना दिसलेला नाही. गळती नाही, पाझर आहे."

सगळे हसले. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये तो शब्द चालू झाला. गळती म्हटलं की बंद करावं लागतं, पाझर म्हटलं की चालवता येतं.

साहेबांना थेंब का दिसत नव्हता, ते मला माहीत होतं. पंख्यावर जे ऑपरेटर होते त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. पंचावन्नच्या पुढचे, शेजारच्याच गावातले आगरी. घरचं उत्तम होतं. गावात तीन मजली इमारत, खाली गाळे, वर भाडेकरू. पगाराची त्यांना गरज नव्हती. तरी पाळी चुकवायचे नाहीत. बॉयलर जिथे उभा आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा ते शाळेत होते. एकदा चहा पिताना हसत म्हणाले होते, "ताय, बापाचे जमिनीवर उभा राह्याला गेटपास लागतो मना. लागूं दे. पास हाय तवर उभा रातंव."

तर हे दादा साहेबांच्या फेरीआधी कॉटन वेस्ट, म्हणजे पुसायच्या सुताचा गुंता, घेऊन बेअरिंग पुसायचे. खालचा तेलाचा ट्रे रिकामा करायचे, पायऱ्या चढून जिथे उभं राहायचं त्या लोखंडी पत्र्यावर भुसा टाकून झाडून घ्यायचे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पाहुणा यायच्या आधी अंगण झाडावं तसं त्यांना ते वाटायचं. आमच्याकडच्या सगळ्या जुन्या माणसांची हीच खोड: साहेब यायच्या आत यंत्र पुसून ठेवायचं. त्यामुळे साहेब येऊन बघत तेव्हा बेअरिंगवर जेमतेम ओल असे. मी दादांना म्हणायचे, "अहो, पुसू नका. बघू द्या की त्यांना काय होतंय ते."

"कसा पुसू नको? घाण दिसतं ना, ताय."

"दिसू दे. दिसलं तरच बंद करतील."

ते मान हलवायचे आणि पुसायचे. वर म्हणायचे, "पाजर नाय ह्ये, गलतंय. मना कलतं ना." कळत होतं, तरी हाताला राहवत नव्हतं. मी साहेबांना फेरीची वेळ बदला असंही सुचवून पाहिलं. साहेबांचं सगळं घड्याळाला बांधलेलं. ते म्हणाले, "मी अचानक जाऊन माझ्याच माणसांवर पाळत ठेवू का?" मोठं उदात्त उत्तर होतं. दगडाला पाझर फुटेल पण या माणसाला फुटणार नाही, असं मी बसमध्ये शेजारणीला म्हटलं, आणि तोच शब्द तोंडातून गेला म्हणून स्वतःवरच चिडले.

व्हायचं तेच झालं. फेरीआधी दादा पुसायला वर गेले. पत्र्यावर तेलाचा थर होता, भुसा अजून टाकायचा होता. पाय सरकला आणि ते पायऱ्यांवरून खाली आले. खुबा मोडला. मी पोचले तेव्हा ते भिंतीला टेकून पडले होते, तोंड पांढरंफटक, आणि हातातला कॉटन वेस्टचा बोळा तसाच घट्ट धरलेला. मला रडू आलं नाही. मला साहेबांच्या खोलीत जाऊन टेबल उलथावंसं वाटलं. दादांना कल्याणच्या हॉस्पिटलात नेण्यात तो दिवस गेला, म्हणून टेबल वाचलं.

ऑपरेशननंतर ते वॉकर घेऊन चालायला लागले तेव्हा चौकशी लागली. प्रश्न एकच होता: दादा पडले ते यंत्राच्या दोषाने की स्वतःच्या चुकीने. मी तयारीने गेले. बुजलेला ब्रीदर, उलटलेलं सील, पंखा बंद करायला मी कितीदा एक दिवस मागितला, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आपल्या मते ती गळती होती?"

"माझ्या मते नाही. होतीच. माणूस तिच्यावरून पडलाय."

मग दादांना विचारलं. ते वॉकरला धरून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गलत नव्हता, साएब. पाजर व्हता. मी घाईन गेलू, पाय घसरला. माजीच चूक."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. साहेबांनी मान डोलावली आणि मोठ्या आदराने म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे." मला इतकं अपमानित कधीच वाटलं नव्हतं. मी फायली उचलून बाहेर पडले आणि व्हरांड्यात दादांची वाट बघत उभी राहिले. ते एकेक पाऊल टाकत आले.

"हे काय केलंत? मी तिथे खोटी पडले, दादा."

"तुमी खरंच बोल्ल्याव, ताय. मना ठाव हाय."

"मग?"

त्यांनी वॉकर भिंतीला लावला. "तेलाची गलती म्हनलू असतू तं कंपनीन भरपाई दिली असती, आनि कामाला निकामी म्हनून घरी बसवला असता. मना भरपाई काय करायची? साएब घरी आलते. बोल्ले, चूक कबूल करा, ताकीद देऊन परत घेऊ, हलकं काम देऊ. फॅनवरच." मग वॉकर पुन्हा हाताशी ओढत म्हणाले, "घरी बसून मी भाडेकरूंची तोंडां बगू का?"

मला त्यांचा राग आला, फार आला. पण त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि आतून आलं ते वेगळंच. "साहेबांनी लिहून दिलं का काही?" एवढंच विचारलं. ते हसले. घरी येऊन चहा प्यालेला माणूस शब्द फिरवेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांच्या गावात घरी येऊन दिलेला शब्द हीच सही असते.

पुढच्या महिन्यात दादांना कळवण्यात आलं की, स्वतः कबूल केलेल्या निष्काळजीपणामुळे त्यांना कामावर ठेवता येणार नाही. मी साहेबांच्या खोलीत गेले. टेबल उलथलं नाही. काचेचा पेपरवेट मात्र मी असा आपटला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. "तुम्ही त्यांना शब्द दिला होतात," मी म्हणाले. साहेब म्हणाले, "मी प्रयत्न करतो असं म्हणालो होतो. मॅडम, आपण शब्द नीट वापरू या."

मग परदेशी ग्राहकाची माणसं कारखाना बघायला येणार असं ठरलं, आणि ज्या पंख्याला इतके महिने बंद करता येत नव्हतं तो एका सकाळी बंद झाला. आम्ही हाऊसिंग उघडलं. भोकात सिलिकॉनचा बोळा होता, माझ्या करंगळीएवढा. तो काढला, नवं सील बसवलं, शाफ्टवरचा चरा घासून गुळगुळीत केला, तेल खुणेपर्यंत भरलं, ब्रीदर धुऊन लावला. संध्याकाळच्या चहाच्या आत पंखा चालू झाला. दुसऱ्या दिवशी पांढरा रुमाल फिरवून बघितला, कोरडा ठणठणीत. एका दिवसाचं काम होतं. एका दिवसाचं! माझ्या सगळ्या नोकरीत इतकं चांगलं उतरलेलं काम दुसरं नाही, आणि इतकं नकोसं झालेलंही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी गेटवरून फोन आला की दादा पास परत करायला आलेत. मी खाली गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. पास त्यांनी सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवला, पण बोट त्यावरून काढलं नव्हतं. म्हणाले, "ताय, सील बदललाव म्हनं. येकदा बगतंव फॅन. हात लावतंव न् जातंव."

रक्षक म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मी त्याच्याच फोनवरून साहेबांना विचारलं. म्हटलं, पाच मिनिटं, मी स्वतः बरोबर राहते, हाताला धरून नेते आणि आणते.

साहेब म्हणाले, "तुमच्या भावना समजतात मला. पण ते आता बाहेरचे आहेत. आत घसरले-बिसरले तर जबाबदारी कोणाची?"

आवाज मोठा होता फोनचा. दादांना ऐकू गेलं. मी काही सांगायच्या आतच त्यांनी पासवरचं बोट काढलं.