आतून काम, बाहेरून कुलूप

आम्रपालीच्या कानात अमेरिकेतला एक डॉक्टर बोलत होता आणि दारात बाबुराव बेल दाबत होते. डॉक्टर नाकात बोलायचा, अर्धे शब्द गिळायचा; पण पायाखालचं पेडल सोडलं की गप्प तरी व्हायचा. बाबुरावांना गप्प करायचं पेडल अजून कुठल्या कंपनीनं काढलं नव्हतं.

कानातला हेडफोन काढून तिनं दार उघडलं.

"घरीच आहात ना? मग प्रश्नच मिटला," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी आपल्या घराच्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "गॅसवाला येईल. सिलिंडर उचलून बघा, हल्ली कमी भरतात. आम्ही जरा लक्ष्मी रोडला चाललोय."

"काका, माझं काम चालू आहे."

"चालू द्या की. आम्ही कुठे बंद करा म्हणतोय?"

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. हिंजवडीच्या ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवल्या होत्या आणि कात्रजच्या बाजूला डोंगराला चिकटून चार-चार मजली सोसायट्या. त्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आम्रपाली राहायची. भोरकडच्या खेड्यातली पोर. एस.टी.नं ये-जा करून बी.एस्सी. झालेली. तिचं काम असं, की तिकडचे डॉक्टर रोगी तपासून टेपवर बोलून ठेवायचे, तो आवाज इंटरनेटवरून पुण्यात यायचा आणि ही तो ऐकून अक्षर न् अक्षर टाईप करून परत पाठवायची. शिवणयंत्रासारखं पेडल पायाखाली, हात कीबोर्डवर, कान डॉक्टरच्या तोंडाला. आधी दोन वर्षं ऑफिसात बसून केलं. सुजाता झाली तेव्हा कंपनीनं कॉम्प्युटर घरी आणून दिला. सगळ्यांनी हेवा केला. घरात बसून पगार, आणखी काय पाहिजे?

काय पाहिजे ते आम्रपालीला विचारायचं. अख्ख्या विंगेच्या किल्ल्या तिच्या भिंतीवरच्या खिळ्यांना लटकायच्या. कुरियर तिनं घ्यायचं. मीटरवाल्याला तिनं जिना दाखवायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कुकर चढवून भाजीला जायच्या आणि जाताना वर ओरडायच्या, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं, किल्ली आहेच तुझ्याकडे." माणूस बाहेर गेला तर कामाला गेला, घरात दिसला तर रिकामा, हा त्या सोसायटीचा कायदा. कुणी लिहिला नव्हता, पण पाण्याच्या वेळेपेक्षा कडक पाळला जायचा.

तिचा नवरा प्रज्ञेश हिंजवडीला कॉम्प्युटरसमोरच बसायचा. सकाळी कंपनीची बस यायची, हा गळ्यात पट्टा अडकवून चढायचा, आणि मग त्याला कुणी बसच्या खिडकीतून कोथिंबिरीची जुडी सांगायचं नाही. हिच्या गळ्यात पट्टा नाही एवढंच. सासू द्वारकाबाई तर विहारात गेल्या की बायकांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून घरीच असती, कवा बी या." आणि बायका यायच्या.

त्या दिवशी गॅसवाल्याचा सिलिंडर बाबुरावांच्या स्वयंपाकघरात उचलून बघून आम्रपाली परत खुर्चीत बसली. डॉक्टर उजव्या गुडघ्याबद्दल बोलत होता. तिच्या डोक्यात अजून सिलिंडर होता. तिनं डावा टाईप केला आणि फाईल पाठवून दिली.

कंपनीच्या तपासणीत चूक सापडली म्हणून बरं. तिची वरिष्ठ अक्षता, हिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, फोनवर म्हणाली, "आम्रपाली, मला तुझं घर कळतं गं. पण डावं-उजवं चुकलं तर आपल्यापाशी राहिलं काय? पुढच्या आठवड्यात क्लायंट स्वतः फाईल्स चेक करणार आहे. त्यात एक जरी गडबड झाली तर घरून काम बंद. मग ऑफिसला ये, सेकंड शिफ्टला."

ऑफिस शहराच्या त्या टोकाला, सेकंड शिफ्ट सुटायची पोरं झोपल्यावर. सुजाता तीन वर्षांची. म्हणजे अक्षतानं तोंडानं म्हटलं नाही तरी नोकरी गेली असाच त्याचा अर्थ.

संध्याकाळी प्रज्ञेशला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं, इग्नोर मार ना. दारच नको उघडूस."

"बेल बंद होत नाही तोवर दाबतात."

"मग एक पाटी लाव. पुण्यात राहतो ना आपण."

तिनं पाटी लावली. 'घरात ऑफिसचे काम चालू आहे. कृपया एकपर्यंत बेल वाजवू नये.' पहिल्याच दिवशी नेहमीपेक्षा जास्त बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी, ऑफिस म्हणजे नक्की कसलं, हे विचारायला वाजवली. बाबुरावांनी वाजवली ती पाटी काढा म्हणायला. ते सोसायटीचे सेक्रेटरी. "दाराची बाहेरची बाजू ही सामाईक जागा आहे. त्यावर काही चिकटवायचं तर आपण अर्ज द्यावा."

आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाटी त्यांच्यासमोर टराटरा फाडली आणि तुकडे त्यांच्याच हातात दिले. "ही घ्या तुमची सामाईक जागा."

शेजारच्या फ्लॅटमधली नसीमबानू दारात उभी राहून हे बघत होती. ती घरात ब्लाऊज शिवायची. तिच्याकडं मात्र कुणी किल्ल्या ठेवत नसे, कारण तिची जीभ कात्रीसारखी होती. बाबुराव खाली गेल्यावर ती म्हणाली, "आम्रपाली, या लोकांना वाचता येतं, ऐकू येतं, दिसतं. पण एकच गोष्ट समजते. कुलूप."

"म्हणजे?"

"बाहेरून कुलूप दिसलं की माणूस माघारी जातो. तू आत बस. मी बाहेरून लावते, एकला काढते."

"आणि आग-बिग लागली तर?"

"गॅलरीत येऊन हाक मार. माझी मशीन तिथल्याच भिंतीला टेकून आहे, ऐकू येईल. मी बाहेर गेले तर सांगून जाईन."

आम्रपालीनं प्रज्ञेशला सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, तुझं तू बघ. द्वारकाबाई तेव्हा बहीण आजारी म्हणून गावाकडं गेल्या होत्या, त्यांना सांगायचं राहिलं. आम्रपालीनं सगळ्यांच्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या, सुजाताला बालवाडीत सोडलं, घरात शिरली आणि नसीमबानूनं बाहेरून कडी घालून कुलूप लावलं.

काय ती शांतता. पावलं जिना चढून यायची, दारापुढं थांबायची, "कुठे गेली ही?" म्हणायची आणि उतरायची. डॉक्टर बोलायचा, ती लिहायची. कितीतरी महिन्यांनी तिला एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला मिळालं. तिच्याच घरात. त्यासाठी तिला चोरासारखं लपावं लागलं, या गोष्टीचा तिला फाईल पाठवून झाल्यावर दर वेळी संताप यायचा.

पण कुलूप सगळ्यांना दिसत होतं.

क्लायंटच्या तपासणीची फाईल आली त्या सकाळी डॉक्टर लांबलचक ऑपरेशन सांगत होता. बारापर्यंत पाठवायची होती. थोडीच उरली असताना तिला जिन्यात ओळखीचा आवाज आला. द्वारकाबाई गावाहून आल्या होत्या. आम्रपालीनं पेडल सोडलं.

"कुलूप कसं? आन् सून कुठं गेली?"

बाबुराव जणू वाटच बघत होते. "ते आम्ही कसं सांगणार? रोज सकाळी कुलूप लागतं, दुपारी निघतं. कुठे जातात ते आम्ही विचारत नाही. आम्ही फक्त बघतो."

"नवरा कामावर, सासू गावाला," दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "मी आपलं काळजीनं म्हणते."

आम्रपालीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. कालपर्यंत रिकामी होती, आज उंडगी झाली. तिसरं काही या लोकांना सुचतच नव्हतं. ओरडून सांगावं तर फाईल राहते. तिनं हेडफोनचा आवाज वाढवला, पेडल दाबलं आणि बोटं कीबोर्डवर आपटायला लागली.

"आत टकटक होतंय," बाबुराव म्हणाले. "चोर. गॅलरीतून शिरले असणार. पहार आणा कुणीतरी."

आता बोलावंच लागलं. ती दाराशी आली. "चोर नाही, मी आहे. माझं काम संपेपर्यंत थांबा."

 मग बाबुराव खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, घाबरू नका. आपल्याला कोंडून कोण गेलं? प्रज्ञेश का?"

"मी स्वतः कोंडून घेतलंय. तुमच्यामुळं. तुमचा गॅस, यांचा कुकर. आता मला बोलायला वेळ नाही."

"मानसिक परिणाम झालेला दिसतो," बाबुराव बाईंना म्हणाले. "हे सोसायटीत चालणार नाही. जबाबदारी सेक्रेटरीवर येते. तोडा कुलूप."

नसीमबानू सुजाताला आणि आपल्या पोराला आणायला बालवाडीत गेली होती, जाताना तसं सांगून गेली होती; किल्ली तिच्या कमरेला. वॉचमन संपत हातोडा घेऊन आला. पहिला घाव बसला तसा डॉक्टरचा शब्द बुडाला. तिनं मागं घेऊन पुन्हा ऐकलं. दुसरा घाव बसला, तोच शब्द पुन्हा बुडाला. उजवा म्हणाला का डावा? रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, स्क्रीनवरची अक्षरं हलायला लागली.

तिसरा घाव पडला नाही.

"आण हिकडं," द्वारकाबाई म्हणाल्या. संपतच्या हातातला हातोडा त्यांनी काढून घेतला होता. "सरका समदी."

"आजी, आपल्या सुनेच्याच भल्यासाठी..."

"भलं ठेवा तुमच्यापाशी. मी हमरस्त्याला खडी फोडल्याली हाय. घण खाली येताना मधी बोललं की बोट जातं. मुकादम शिव्या द्यायचा, पर त्यो बी घण वर जाईस्तवर थांबायचा. ती आतून काम हाय म्हनतीया, तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"कामच असेल तर लपायचं कशाला?"

"तुमच्यासारखी मानसं जिन्यात हायती म्हनून. आन् कुटं जाती, कुटं जाती म्हनून आत्ता जे सांगत हुता ना, ते माझा ल्योक आल्यावर त्याच्या तोंडावर सांगा. मी बी आयकते."

बाबुरावांना खाली नळ चालू राहिल्याचं आठवलं. बाकीचेही एकेक करून उतरले. द्वारकाबाई दाराला पाठ लावून पायरीवर बसल्या, हातोडा मांडीवर घेऊन.

आत आम्रपालीनं तो शब्द पुन्हा ऐकला. उजवा. आणखी एकदा ऐकला. मग शेवटापर्यंत गेली, पहिल्यापासून वाचून काढलं आणि बाराच्या आत फाईल पाठवली.

नसीमबानूनं येऊन कुलूप काढलं तेव्हा आम्रपालीला वाटलं होतं, सासू काहीतरी चांगलं बोलेल.

"भाकरी थापलीस का नुसतीच टकटकत बसलीस?" द्वारकाबाई आत शिरत म्हणाल्या. "आन् कुलूप समद्या गावाला ठावं, सासूला ठावं न्हाई. मला जिन्यात ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्यासंगं तुझा बी राग आलाय मला."

"तुम्हीच सगळ्यांना सांगत होता, कवा बी या म्हणून," आम्रपालीही बोलली. दबलेलं होतं ते आलं. "तुमच्या मैत्रिणींचा चहा करताना माझं डावं-उजवं झालं तर नोकरी जाते माझी. मला राग येत नाही का?"

द्वारकाबाईंनी पिशवी खाली ठेवली.  मग नसीमबानूपुढं हात केला. "किल्ली आण."

कंपनीनं ना शाबासकी दिली ना फोन केला. पुढच्या फाईल आल्या, एवढंच. घरून काम चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशीपासून कुलूप द्वारकाबाई लावायच्या आणि खुर्ची टाकून दारापुढं गहू निवडत बसायच्या. आठवड्याभरानं बाबुराव हातात किल्ल्या घेऊन वर आले. कुलपाकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं.

"सूनबाई आहेत का?"

"कामावर गेलीया."

"कधी येतील?"

"दुपारच्याला."

"पण त्या तर आतच..."

द्वारकाबाईंनी सुपातला खडा उचलून जिन्याच्या बाजूला भिरकावला. "व्हय. आतच कामावर गेलीया. तुमचं काय काम हुतं?"