आपला अर्धा

जळगाव जामोदच्या स्टँडवर मला सोडायला फक्त बाबा आले होते. आमच्या फुटबॉल टीमचा रिवाज असा, की कुणी कामासाठी बाहेर निघाला की अकराच्या अकरा जण स्टँडवर हजर. एसटीच्या खिडकीला लटकून, शिव्या घालत निरोप. शकील सुरतेला गेला तेव्हा तर कंडक्टर वैतागून खाली उतरला होता. माझी खामगावची गाडी मात्र वेळेवर सुटली. बाबांनी बॅग वर दिली आणि म्हणाले, "आता मांगं पाहू नको." का, ते दोघांनाही माहीत होतं.

दोन दिवस आधी मी एक शिट्टी वाजवली होती.

जे त्या दिवशी मैदानावर नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या सामन्यांना तिऱ्हाईत पंच कुठून मिळणार? म्हणून पहिल्या अर्ध्यात समोरच्या टीमचा माणूस पंच, दुसऱ्या अर्ध्यात आपला. प्रत्येक जण आपल्या बाजूला झुकणार, हे सगळ्यांनी धरलेलंच. दोघांनी सारखंच खोटं वागायचं, झाला न्याय. आता मी पुण्यात राहतो, तिथं हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मला त्यात अजूनही हसण्यासारखं काही दिसत नाही.

फायनलच्या सकाळी रफीकनं मला अकरातून काढलं. रफीक माझा पहिलीपासूनचा दोस्त. टीमचा कप्तान तोच, मॅनेजरही तोच. "तुहा गुडघा बरा नाही, मिल्या. आज तू शिट्टी धर," म्हणाला आणि माझ्या जागी स्वतःच्या मावसभावाला घातलं. गुडघा दुखत होता हे खरं. मावसभावाला दोन्ही पायांनी बॉल मारता येत नव्हता हेही खरं.

पहिल्या अर्ध्यात त्यांच्या पंचानं आमचा एक चोख गोल ऑफसाइड म्हणून पुसला. कुणी फार बोंबललं नाही. "आता आपला अर्धा," म्हणत सगळे माझ्याकडं पाहून हसले. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. आमच्या गोलसमोर बॉल उडाला आणि रफीकनं तो हातानं अडवला. मी शिट्टी वाजवली. पेनल्टी, गोल, खेळ खलास.

रफीक चालत माझ्याजवळ आला. मारतो की काय असं वाटलं. "काऊन बे?" का केलंस, एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, "मिल्याले बाहेर बसवाचंच नोयतं." दुसरा म्हणे, "बसवलं तं काय झालं? त्याइनं त्याइचा अर्धा खाल्ला, अन् यानं आपलाबी त्याइलेच देल्ला." मी बदला घेतला, यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत. माझी बाजू घेणारेही तेच धरून चालले होते, याचं मला जास्त लागलं.

आता आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी संध्याकाळी प्रोजेक्टरवर मॅच लावतात. कोचनं याला बाहेर काढलंच कसं, मागच्या आठवड्यात असल्याच हँडबॉलला पेनल्टी दिली मग आज का नाही, यावर मंडळी घसा फोडून भांडतात. पंच पडद्यावर चार-चार वेळा तेच पाहतो, तरी कुणाचं समाधान नाही. मी रिमोटच्या बॅटऱ्या आणायच्या निमित्तानं उठून जातो. मी नियमानं वागलो, असं बायकोला सांगत आलोय. पण शिट्टी तोंडात होती तेव्हा मला नियम आठवला की ती सकाळ, हे मला आजही ठरवता येत नाही. कॅमेरा हात दाखवेल, हे कसं दाखवणार?

मागच्या उन्हाळ्यात हिंमत करून रफीकच्या दुकानात गेलो. तो कूलर दुरुस्त करतो. गवताच्या ताट्या बसवत होता. दाढी पांढरी झालीय. नमस्कार-चमत्कार न करता मी विचारलं, "खरं सांग. तो हात होता ना?"

"हाव. हात होता. मलेच माहीत नाही तं कोणाले?"

"मग मी कुठं चुकलो?"

"तू कुठी चुकला? नियमानं तुहं बरोबरच होतं." त्यानं ताटी नीट दाबून बसवली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्याइचा पंच त्याइचा होता. आमाले वाटलं, तू आपला हायेस."

मग त्यानं गिऱ्हाइकाची खुर्ची पुसून माझ्यापुढं सरकवली आणि समोरच्या टपरीला हाक दिली, "एक चहा पाठवा, पुण्याचे पाहुणे आले हायेत."

मी तो चहा प्यालो. गोड होता. तुमच्यातले जे तिथंच राहिले त्यांना हे समजेल, आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना कदाचित जास्त. घर अजून तिथंच आहे. मी बरोबर होतो हे तिथं सगळ्यांना मान्य आहे, आणि तरीही मला परत आत घ्यायला कुणी तयार नाही.